बापाची सही



आजचा विषय चारचौघांत काढायला जरा अवघडच. घरात सासू-सासरे, लेकीसुना बसल्या आहेत आणि रेडिओवरचा माणूस भलतंच काही विचारतो आहे, असं वाटलं तर आवाज थोडा कमी करा, पण ऐका. आईने आपलं मूल दत्तक द्यायचं ठरवलं, तर बापाची संमती लागते का? आणि लागत असेल, तर नेमकी कोणत्या बापाची?

अकोल्या-अमरावतीच्या कोर्टाच्या आवारात बाया हा प्रश्न फार सरळ विचारतात. "वकीलसायेब, लेकरू माह्यं, जनमाले घातलं म्या, वागवलं म्या, अन् सही त्याची काहून लागते?" असं विचारणारीचा नवरा बहुधा सुरतेला नाहीतर पुण्याला कामाला गेलेला असतो आणि मग तिकडचाच होऊन राहिलेला असतो. बहीण-मेहुण्याला मूल नाही, ते लेकराला सांभाळायला तयार आहेत, लेकरूही तिथे रुळलेलं आहे. अडलं आहे ते एका सहीवर.

तर कायदा काय म्हणतो? आपल्याकडे जुन्या शास्त्राने मूल देण्याचा अधिकार मुख्यतः बापाला दिला. नवऱ्याच्या अनुमतीवाचून बाईने पुत्र देऊही नये आणि घेऊही नये, असं वसिष्ठाचं मत. मुलगी दत्तक देण्या-घेण्याचा तर प्रश्नच नव्हता. पिंडदानाला मुलगा हवा, म्हणून दत्तक. १९५६ साली हिंदू दत्तक आणि पोटगीचा कायदा आला. त्याने मुलीला दत्तक जाण्याचा हक्क दिला, पण देणारा हात बापाचाच ठेवला. आईची फक्त संमती घ्यायची. म्हणजे नऊ महिने पोटात वाढवणारी बाई या व्यवहारात साक्षीदारापेक्षा थोडीच वर होती. हे बदलायला २०१० साल उजाडावं लागलं. तेव्हापासून आई आणि बाप दोघांचा अधिकार सारखा झाला, आणि अट अशी घातली की एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय तो वापरू नये.

या अटीला अपवाद आहेत. दुसऱ्याने संसाराचा पूर्णपणे त्याग करून संन्यास घेतला असेल, तो हिंदू राहिला नसेल, किंवा सक्षम कोर्टाने त्याला मनोविकल ठरवलं असेल, तर त्याची संमती लागत नाही. आता यात काय नाही ते पाहा. बायको-पोराला टाकून गेला, हे त्यात नाही. घटस्फोट झाला, हेही नाही. पाच वर्षांत एक रुपया पाठवला नाही, हेही नाही. हिमालयात गेलेल्या नवऱ्याची सही लागत नाही, सुरतेला गेलेल्याची लागते. कायदा करणाऱ्यांना संन्यासी बाप दिसला. बेपत्ता बाप आमच्या प्रत्येक तालुक्यात आहे, तो काही दिसला नाही. त्याचा सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही तर तो मेला असं कोर्ट धरून चालतं, पण तोवर लेकरू चौथीत जातं.

मग लोक काय करतात? स्टॅम्प आणतात. पूर्वी शंभराचा चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो. त्यावर दत्तकपत्र टाइप करतात, दोन साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का, आणि बापाच्या जागी "पती बेपत्ता" असं लिहून मोकळे होतात. पेढे वाटले जातात. श्रोतेहो, नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. दुय्यम निबंधकाकडे देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांच्या सह्यांनी नोंदवलेल्या दत्तकपत्राला कोर्ट प्रथमदर्शनी खरं मानतं, तसं या कागदाला मानत नाही. आणि ज्याची संमती कायद्याने हवीच होती ती नसेल, तर कितीही लाल शिक्के मारा, ते दत्तविधान टिकत नाही. हे कळतं कधी? पंधरा-वीस वर्षांनी, दत्तक बापाच्या माघारी, वावराच्या वाटणीत. चुलतभाऊ उभा राहतो आणि म्हणतो, हा आमच्या घरचा नाहीच. तेव्हा त्या पोराला सांगायला ना पहिलं घर उरलेलं असतं, ना दुसरं.

विधवा बाईची गोष्ट वेगळी आहे, आणि वऱ्हाडात ती वारंवार येते म्हणून सांगतो. नवरा वारलेला असेल तर देण्याचा अधिकार एकट्या आईचा. सासरचे म्हणतात, पोरगं आमच्या वंशाचं, तुले जायचं तं तू जाय. भावना समजते, पोटचा मुलगा गेल्यावर नातू हीच म्हाताऱ्यांची काठी असते. पण आजा-आजीची संमती हा कायद्याचा भाग नाही. २०२२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने अकेला ललिता यांच्या खटल्यात स्पष्ट केलं, की पहिला नवरा वारल्यावर पुन्हा लग्न केलेली आई मुलाचं आडनाव ठरवू शकते आणि दुसऱ्या नवऱ्याला ते मूल दत्तकही देऊ शकते.

आता दुसरा रस्ता. हा मुख्यतः परक्या घरी जाणाऱ्या बाळाचा. बाल न्याय कायदा, २०१५. मेळघाटातल्या कोरकू आणि गोंड श्रोत्यांनी इथे लक्ष द्यावं, कारण १९५६ चा तो हिंदू दत्तक कायदा अनुसूचित जमातींना लागूच होत नाही, सरकारने तशी वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय. मुस्लिम कुटुंबांनाही बाल न्याय कायद्याचा रस्ता मोकळा आहे; शबनम हाश्मी यांच्या प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं.

या रस्त्यावर आईला बालकल्याण समितीपुढे जावं लागतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. टेबलापलीकडे ते, अलीकडे ती, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं बाळ. सोबत तिची आई असते, कधी मावशी. बाहेर गावातलं कोणी ओळखीचं भेटेल म्हणून पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिला समजावतात, ठेवता येईल का ते विचारतात, आणि तरी ती ठाम असेल तर समर्पणपत्रावर सही घेतात. त्यानंतर दोन महिने तिचे असतात. या मुदतीत ती परत येऊन म्हणू शकते, माझं बाळ द्या. हे दोन महिने संपल्यावरच बाळ दत्तकासाठी कायद्याने मोकळं होतं.

आणि बाप? इथे कायदा लग्नाचा दाखला पाहतो. मूल विवाहित जोडप्याचं असेल तर समर्पणपत्रावर दोघांच्या सह्या. एकटी आई आली आणि नवऱ्याचा पत्ता नाही, तर ते मूल समर्पित न धरता सोडून दिलेलं धरायचं, आणि वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची. 'देशोन्नती'त, 'लोकमत'मध्ये तुम्ही त्या जाहिराती पाहिल्या असतील. तळहाताएवढी चौकट, झोपलेल्या बाळाचा काळपट फोटो, खाली अंदाजे वय, रंग, सापडल्याची तारीख, आणि पालकांनी अमुक दिवसांत संपर्क साधावा, अन्यथा पुढील कार्यवाही करण्यात येईल. बापाच्या हक्काचं असं शेवटी चौकटीच्या जाहिरातीत रूपांतर होतं. सुरतेच्या लूमवर रात्रपाळी करणारा माणूस अकोल्याच्या अंकातली ती चौकट वाचेल, अशी शासनाची श्रद्धा आहे.

मूल लग्नाबाहेरचं असेल, तर मात्र समर्पण एकट्या आईचं. आई अल्पवयीन असेल तर सोबतच्या मोठ्या माणसाची साक्षीदार म्हणून सही. बापाला कोणी विचारत नाही, शोधत नाही, कळवत नाही. हे बरोबर आहे का? बहुतेक वेळा बरोबर आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या पोरींवर ही वेळ येते त्यांतल्या कितीतरी फसवल्या गेलेल्या असतात, काहींवर अत्याचार झालेला असतो. त्या माणसाच्या दारात जाऊन संमतीपत्र मागायचं म्हणजे पोरीला पुन्हा त्याच्या तावडीत देणं. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित आईला हेच सांगितलं, की पालकत्वाच्या अर्जासाठी तिला बापाचं नाव उघड करण्याची किंवा त्याला नोटीस देण्याची सक्ती नाही. त्या खटल्यात आईचं नावही गुप्त ठेवलेलं आहे, फक्त एबीसी अशी अक्षरं. मूल वाढवायला जो आलाच नाही, त्याला केवळ जन्माला कारण झाला म्हणून नकाराचा हक्क नको, हा त्या निकालामागचा विचार मला पटतो.

पण सगळेच पुरुष पळणारे नसतात. केरळमधलं २०२१ चं प्रकरण घ्या. एक जोडपं लग्नावाचून एकत्र राहत होतं. न्यायालयाने त्यांना जॉन आणि अनिता अशी बदललेली नावं दिली. बाळ झालं, मधल्या काळात जॉनचा संपर्क तुटला, अनिता खचली आणि तिने बाळ समितीकडे दिलं. समितीने तिला अविवाहित आई धरलं आणि बाळ पुढे गेलं. मग दोघं मिळून उच्च न्यायालयात आली. न्यायालय म्हणालं, जे जोडपं नवरा-बायकोसारखं राहत होतं आणि ज्या मुलाचा बाप माहीत आहे, त्याला समर्पणाच्या बाबतीत विवाहित जोडप्याचंच मूल धरायला हवं होतं. बाळ दत्तकासाठी मुक्त असल्याचा दाखला रद्द झाला. आता त्या दत्तक आईबापांचा विचार करा, ज्यांनी पाळणा सजवला होता. त्यांचा काय दोष?

अमेरिकेत हा घोळ याहून मोठा झाला. १९९१ साली आयोवा राज्यात एका आईने बाळ दत्तक देताना बाप म्हणून भलत्याच माणसाचं नाव लिहून दिलं. त्याने सहीही केली. काही आठवड्यांत तिने खऱ्या बापाला सांगितलं, तो कोर्टात गेला, आणि ऑगस्ट १९९३ मध्ये अडीच वर्षांची मुलगी मिशिगनमधल्या दत्तक घरातून रडत उचलून नेताना सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली. तिथल्या अनेक राज्यांत आता एक नोंदवही असते. लग्न झालेलं नाही, पण मूल माझं असू शकतं, असं वाटणाऱ्या पुरुषाने त्यात आपलं नाव घालायचं. नाव असेल तर दत्तकाआधी त्याला कळवतात. नसेल तर त्याची तक्रार सहसा ऐकली जात नाही. हक्क हवा तर आधी उठून कचेरीत जा, एवढी साधी अट. ती मला न्याय्य वाटते. आपल्याकडे तशी नोंदवही नाही, ती असावी.

मेळघाटातला आणखी एक पेच इथे सांगायला हवा. सोळाव्या-सतराव्या वर्षी लग्न लावून दिलेली पोरगी. बालविवाह कायद्याने गुन्हा असला तरी असं लग्न आपोआप रद्द होत नाही, आणि त्यातून झालेलं मूल औरसच ठरतं. म्हणजे तो नवरा, तो बाप. पण पोरगी दवाखान्यात बाळंत झाली की तिचं वय पाहून पोलिसांना कळवावंच लागतं, आणि त्याच माणसावर बाललैंगिक अत्याचाराचा, म्हणजे पोक्सोचा गुन्हा दाखल होतो. एकाच बाळाच्या फायलीत तो बाप म्हणूनही येतो आणि आरोपी म्हणूनही. अशा वेळी त्याच्या सहीचं काय करायचं, हे ठरवताना समितीचे लोक अक्षरशः घाम पुसतात.

आता ज्यांच्यासाठी सही करायला आई नाही की बाप नाही, अशी मुलं. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर आहेत. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बसस्टँडवर, रेल्वे स्टेशनवर, उकिरड्यावर टाकलेली दिव्यांग मुलं देशभरातून त्यांच्याकडे आली आणि शंभराहून अधिक लेकरांच्या कागदावर बाप म्हणून शंकरबाबांचं नाव लागलं. जळगाव स्टेशनवर कचऱ्यात सापडलेली, डोळ्यांनी न दिसणारी माला पापळकर त्यांतलीच. ती अमरावतीत शिकली आणि २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची लिपिकाची परीक्षा पास झाली. रक्ताचा बाप कोण होता, हे तिला अर्ज भरताना कुठे अडलं नाही. बापाच्या रकान्यात नाव होतं, आणि त्या नावामागे खरोखर एक माणूस उभा होता. 

बाप ठरतो तो सांभाळण्याने. तेव्हा संसदेने १९५६ च्या कायद्यातल्या संमतीच्या त्या अपवादांत एक ओळ वाढवावी: ठरावीक काळ मुलाकडे न फिरकलेल्या, न पोसलेल्या बापाची किंवा आईची संमती लागणार नाही. आईचीही, कारण टाकून जाणाऱ्या आयाही असतात.

आणि तोवर काय करायचं? नात्यात मूल देणार असाल, तर नवऱ्याचा पत्ता आधी काढा, त्याची लेखी संमती घ्या, दत्तकपत्र निबंधकाकडे नोंदवा. देण्या-घेण्यात पैशाचा व्यवहार करू नका. तो गुन्हा आहे, आणि मुलाची विक्री ठरली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. नको असलेलं बाळ कुणा मध्यस्थाच्या, नर्सच्या हाती देऊ नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक फिरवा, पैसे लागत नाहीत. आणि हे ऐकणाऱ्यांत असा एखादा पोरगा असेल, ज्याचं लग्न झालेलं नाही पण ज्याला कळलं आहे की आपलं बाळ समितीकडे गेलं आहे, तर त्याने मित्रांना विचारत बसू नये. आपल्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे स्वतः जावं, लेखी अर्ज द्यावा, त्यावर शिक्का मारलेली पोच घ्यावी. अर्ज मंजूर होईलच असं मी सांगत नाही. पण मुदत दोनच महिन्यांची आहे, आणि ती बाळ समितीपुढे आणलं त्या दिवसापासूनच मोजायला लागा.