दूरचं शिक्षण, जवळचा माणूस



माझी आपा दहावीला गणितात अडकली आणि घरी बसली. चार वर्षांनी तिनं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये नाव घातलं. तिथं एकाच वेळी सगळे विषय द्यावे लागत नाहीत; पाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं देता येतात. पुस्तकं घरी आली, पण महिनाभर तशीच पडून राहिली. घरात मोबाइल एकच, तोही भाईजानचा; रात्री दहानंतर मिळायचा. शेवटी शेजारच्या निवृत्त शिक्षिका खाला म्हणाल्या, “इतवारी माझ्याकडे येऊन बस.” आपा पास झाली ती त्या इतवारांमुळे.

तंत्रज्ञानाचं अप्रूप आपल्याकडे जुनं आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘साइट’ हा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्हीचे कार्यक्रम थेट पोहोचले. खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या अँटेना, गावात एक टीव्ही आणि समोर सगळी माणसं. वर्ष संपलं, उपग्रह अमेरिकेनं परत नेला. यंत्र दुसऱ्याच्या हातात असलं की असं होतं.

पुढं १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. त्यानं मराठी पुस्तकं विद्यार्थ्याला दिलीच, शिवाय जागोजागी अभ्यासकेंद्रं उघडली. २०१७ मध्ये केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ आलं. तिथले व्हिडिओ फुकट पाहता येतात.

म्हणजे धडे आज आहेत. प्रश्न वेगळे आहेत: घरातला फोन कोणाच्या हातात आहे? आणि “कालचा धडा झाला का?” असं मुलीला विचारणारं कोण आहे?

म्हणून माझं सांगणं साधं आहे. तुमच्या मोहल्ल्यात शाळा सुटलेली एक मुलगी किंवा कामावर जाणारा एक मुलगा शोधा. त्यांचा फॉर्म भरायला सोबत बसा. पदवीचा अभ्यासक्रम असेल तर त्याला यूजीसीची मान्यता आहे ना, हे फी भरण्याआधी तपासा. घरात दोन तास फोन बहिणीला द्या. आणि आठवड्यातून एक दिवस कुठलीही खोली उघडा, जिथं सगळे मिळून अभ्यास करतील.

विद्यापीठ दूर असलं तरी चालेल, विचारपूस करणारा माणूस जवळ हवा. तो माणूस तुम्ही व्हा.