अंगणातला मोठा बंब

आपल्यापैकी काही कुटुंबं न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, व्हरमॉन्टमध्ये, मिशिगनमध्ये गावापासून लांब राहतात. तिथे गॅसची पाइपलाइन नसते. प्रोपेनचा ट्रक आला की बिल बघून धाप लागते, आणि मागच्या आवारात तर वादळानं पाडलेली झाडं पडून असतात. मग मनात येतं, घराबाहेर लाकडाचा बॉयलर बांधला तर? आज त्याबद्दल बोलू या.

तुमच्या आजोळी बंब होता का? तो आठवा. मधून नळी, खाली जाळी, जाळीखाली राख, नळीभोवती पाणी. आग आणि धूर मधून जातात आणि जाता जाता पाण्याला धग देतात. बाहेरचा बॉयलर म्हणजे हाच बंब, फक्त खूप मोठा. तिथून तापलेलं पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून घरात खेळतं.

पण नुसता बंब मोठा केला की काम बिघडतं. चारी बाजूंनी पाणी असलेल्या लोखंडी पेटीत लाकूड जाळलं, तर पेटीची भिंत पाण्याइतकीच गार राहते. लाकडातून निघणारा वायू नीट पेटायला साधारण ६०० अंश सेल्सियसच्या वर तापमान लागतं. गार भिंतीला टेकून ज्योत विझते आणि न जळलेला वायू धूर होऊन बाहेर पडतो. तो धूर म्हणजे वाया गेलेलं सरपणच, शिवाय शेजारच्या मुलांच्या छातीत जाणारं.

म्हणून पहिला नियम: आधी पूर्ण जाळा, मग उष्णता काढा. आगीची खोली भट्टीच्या विटांनी आतून मढवा. लाकडाला एक हवा द्या आणि निघणाऱ्या वायूला दुसरी, तापवलेली हवा. वायू विटांच्या दुसऱ्या खोलीत जळून संपला की मगच तो पाण्यातल्या नळ्यांमधून जाऊ द्या. नळ्या सरळ ठेवा, म्हणजे ब्रशनं काजळी झाडता येते.

दुसरा नियम: आग धुमसत ठेवू नका. घर तापलं की हवा बंद करून लाकूड कोंडायचं, यातच सगळ्यात जास्त धूर होतो. त्याऐवजी दणकून आग करा आणि उष्णता पाण्याच्या टाकीत साठवा. हिशोब सोपा आहे. १००० लिटर पाणी ८५ अंशांवरून ५० वर आलं, की सुमारे ४० युनिट उष्णता मिळते. कडक थंडीत घराला तासाला १० युनिट लागत असतील, तर ती ४ तास पुरते. रात्रभराच्या १२ तासांसाठी ३००० लिटरची, चांगली गुंडाळलेली टाकी हवी.

आता लाकूड. एक किलो सुक्या लाकडातून सुमारे ४ युनिट मिळतात. निम्मं वजन पाण्याचं असलेल्या ओल्या लाकडातून जेमतेम २, कारण त्या किलोत जळणारं लाकूड निम्मंच असतं आणि थोडी धग ते पाणी उडवण्यात जाते. म्हणून लाकूड फोडून, वर छप्पर घालून, बाजू उघड्या ठेवून किमान एक वर्ष वाळवा. ओकला दोन वर्षं द्या. ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं, त्यात आकडा २०च्या खाली हवा. रंगवलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड कधीच जाळू नका.

घरातून परत येणारं पाणी फार गार असेल तर नळ्यांवर दव धरतं, डांबरासारखी काजळी चिकटते आणि पत्रा गंजतो. परतीचं पाणी ६० अंश सेल्सियस, म्हणजे १४० फॅरनहाइटच्या वर ठेवणारा मिश्रण-व्हॉल्व्ह बसवा.

आणि आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. आपला बंब वरून उघडा असायचा. त्यात कधी दाब साचला नाही, म्हणून तो फुटला नाही. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. घरी वेल्ड केलेलं भांडं बंद करून त्यात पाणी तापवणं म्हणजे अंगणात बॉम्ब ठेवणं. बॉयलर उघडाच ठेवा. वाफ बाहेर नेणारी रुंद नळी असू द्या आणि तिच्यावर कोणताही व्हॉल्व्ह नको. त्या नळीत बर्फ साचणार नाही याचीही काळजी घ्या. उघड्या पाण्यात प्राणवायू मिसळतो, म्हणून गंजरोधक घाला आणि घरातलं पाणी उष्णता-बदलाच्या प्लेटनं वेगळं ठेवा. हिमवादळात वीज गेली तर पंप थांबतो. तेव्हा हवेचा पंखाही आपोआप बंद पडला पाहिजे.

हे सगळं करण्याआधी एक फोन करा, टाउनच्या बांधकाम खात्याला. न्यूयॉर्क राज्यात नवा बाहेरचा बॉयलर प्रमाणित असावा लागतो. घरगुती आकाराचा असेल तर तो हद्दीपासून किमान १०० फूट लांब आणि धुराडं जमिनीपासून किमान १८ फूट उंच लागतं. म्हणजे तिथे घरी जोडलेला चालायचा नाही. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत. विमा कंपनीकडूनही होकार लेखी घ्या.

परवानगी नसेल तर विकतचा घ्या, पण घेताना याच गोष्टी विचारा: आत विटा आहेत का, दुसरी हवा कुठून येते, साठवणीची टाकी जोडता येते का. विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही, तर दुसऱ्या दुकानात जा.

आग नीट पेटली असेल तर धुराड्यातून धूर जवळजवळ दिसतच नाही. रोज बाहेर जाऊन तेवढं बघा. काळा किंवा निळसर धूर दिसला, तर लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी पडते आहे. ऊबेत राहा, आणि शेजाऱ्यांनाही मोकळा श्वास घेऊ द्या.