भिंतीवरची मुले आणि दारावरचा रखवालदार

(पहाडगंज, नवी दिल्ली येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या मराठी कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज वेतन, पेन्शन किंवा रिक्त जागा यांवर आम्ही बोलणार नाही. आपली मुले आणि ज्याच्याशी त्यांचे वारंवार खटके उडतात तो माणूस, यांच्याविषयी बोलणार आहोत.

आपल्या वसाहतीतील मुलांना 'पार्कूर'चा नाद लागला आहे. भिंत, कठडा, जिना, जे आडवे येईल ते धावत, उडी मारून, हातांवर तोल घेऊन ओलांडायचे, असा हा व्यायाम. काही पालक याला माकडचाळे म्हणतात. पॅरिसजवळच्या लीस गावात दाव्हिद बेल व त्याच्या सोबत्यांनी तो वाढवला. दाव्हिदचे वडील रेमों बेल पॅरिसच्या अग्निशमन दलात होते आणि अडथळे पार करण्याची शिकवण मुलाला त्यांच्याकडूनच मिळाली. मल्लखांबाचा अभिमान बाळगणाऱ्या आपण या व्यायामाला नावे ठेवू नयेत.

अडचण जागेची आहे. स्टेशन, मेन बाजार आणि दाटीवाटीची हॉटेले यांत पोरांनी धावायचे कुठे? मग ती अर्धवट बांधकामांत आणि व्यापारी संकुलांच्या पायऱ्यांवर जातात. ती मालमत्ता खाजगी असते आणि दारावर रखवालदार असतो.

गेल्या वर्षी एका बांधकामावर रखवालदाराने आमच्या मुलांना हटकले आणि एकाचा दंड धरला. संध्याकाळी आम्ही आठ-दहा जण गेलो, चढ्या आवाजात जाब विचारला आणि मालकाकडे तक्रार केली. दुसऱ्या दिवशी तिथे दुसराच माणूस उभा होता. पहिल्याला ठेकेदाराने घरी बसवले, असे त्याने सांगितले. नोटीस नाही, हिशेब नाही. पाळी बारा तासांची, आठवड्याची सुट्टी नाही. आम्ही त्या माणसाचे नावदेखील विचारले नव्हते.

बंधूंनो, आपली एक वेतनवाढ रोखायची तरी प्रशासनाला चार्जशीट द्यावी लागते. आम्ही मात्र एका संध्याकाळी, चार्जशीटशिवाय, एका कामगाराची नोकरी घालवली. ही चूक आम्ही आपल्यासमोर कबूल करतो.

कायदा दोन्ही बाजूंनी समजून घेतला पाहिजे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे, गुन्हा करण्याच्या किंवा ताबेदाराला धमकावण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या वा त्याला त्रास देण्याच्या हेतूने दुसऱ्याच्या जागेत शिरणे किंवा तिथे थांबून राहणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. नुसत्या उडीने हा गुन्हा होत नाही. पण "जा" म्हटल्यावर हुज्जत घालत उभे राहिले, तर तो हेतू दाखवणे सोपे होते. उलट, रखवालदाराला बाहेर जायला सांगण्याचा अधिकार आहे, मारण्याचा किंवा मोबाइल हिसकावण्याचा नाही. तो पोलीस नव्हे.

म्हणून मुलांना आमचे सांगणे असे :

एक, परवानगी मालकाकडे मागा, तीही लेखी. रखवालदाराच्या हाती ती नसते. त्याने भिडेपोटी सोडले तर त्याच्याच पोटावर पाय येतो.

दोन, हटकले की खाली उतरा, पळू नका. "भाईसाहब, जा रहे हैं" म्हणा आणि दारातून बाहेर पडा. त्याचे चित्रीकरण करून थट्टा करू नका.

तीन, त्याने हात उचलला तर घरी सांगा. रीतसर लेखी तक्रार करू. मात्र "माणूस काढा" असे न म्हणता "माणसाला शिकवा" असे म्हणू. खाजगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे आणि केंद्राच्या नमुना नियमांत शंभर तास वर्गातले व साठ तास प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण सांगितले आहे. ते देणे एजन्सीचे काम आहे.

चार, रेल्वेच्या हद्दीत उड्या मारायच्या नाहीत. पंचवीस हजार व्होल्टची तार स्पर्श न होताही माणूस जाळते, हे घरात आपणच सांगायला हवे.

आपल्या पोस्टमन बंधूंनाही गेटवर अडवून नोंदवहीत सही करायला लावतात. राग येतो, पण तो माणूस वरून आलेला हुकूम पाळतो हे त्यांना ठाऊक असते. रेल्वेत 'गार्ड' म्हटले की आपल्याला झेंडी हाती घेतलेला आपला बंधू आठवे. २०२२ साली त्याचे पदनाम 'ट्रेन मॅनेजर' झाले. दारावरचा हाही गार्डच, पण याच्या पाठीशी युनियन नाही. महाराष्ट्रात १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा झाला, मंडळे आली, नोंदणी आली. दिल्लीतल्या रखवालदारालाही तसे संरक्षण मिळावे, हा आग्रह आपण धरला पाहिजे.

तूर्त दोन कामे हाती घेऊ. वसाहतीच्या इन्स्टिट्यूटमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी गाद्या टाकून मुलांना जागा मिळावी, असा अर्ज आम्ही लिहिला आहे. त्यावर आज सह्या कराव्यात. आणि त्या रखवालदाराचा ठावठिकाणा कुणाला कळला तर आम्हाला सांगावे. त्याचा राहिलेला पगार मिळवून देण्यासाठी आम्ही त्याच्याबरोबर ठेकेदाराकडे जाऊ. या वेळी त्याचे नाव आधी विचारू.