अकीकाची माळ



आपल्या मंडळात अकीकाच्या माळा ओवण्याचा वर्ग काढावा, अशी सूचना आली आहे. सूचना चांगली आहे. ही हौस जुनीच. पुणे जिल्ह्यात इनामगावला १९६८ पासून डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, त्यात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे असे मणी निघाले.

आज हे मणी गुजरातेत खंबायतला होतात. दगड तापवून लाल करतात, फोडतात, मग चाकावर घासतात. घासताना उडणारी बारीक धूळ छातीत बसते आणि सिलिकोसिस जडतो. तो बरा होत नाही. हे काम घरोघरी चालते. त्यात बायकाही असतात.

म्हणून माळा अवश्य ओवू. पण मणी घेण्यापूर्वी, ते ओले ठेवून घासतात का, धूळ ओढून घेणारे यंत्र आहे का, हे विचारू. चार पैसे जास्त पडले तरी पडोत. आपल्या गळ्यातल्या शोभेपायी दुसरीचा श्वास कोंडू नये, एवढीच विनंती.