हजेरीपट आणि पाळणा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



सरकारी नोकरीत सर्व नागरिकांना समान संधी राहील आणि केवळ स्त्री आहे म्हणून कोणालाही अपात्र ठरवता येणार नाही, अशी हमी राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने १९५० साली दिली. परंतु घटनेतले कलम कचेरीतल्या नियमापर्यंत पोचायला फार वर्षे लागली. श्रीमती मुथम्मा १९४९ साली परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला. त्या सेवेच्या नियमांनुसार स्त्री अधिकाऱ्याला लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असे सरकारला वाटल्यास तिला राजीनामा द्यायला लावता येई. पुरुष अधिकाऱ्याच्या संसाराची सरकारला अशी काळजी कधीच नव्हती. बढती नाकारली गेल्यावर मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी या पक्षपातावर कठोर ताशेरे ओढले. पहिल्या गर्भारपणाबरोबर हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा एअर इंडियाचा नियमही १९८१ साली न्यायालयाने रद्दबातल ठरवला.

अशा रीतीने दार उघडले. महाराष्ट्रात १९९४ च्या महिला धोरणाने शासकीय नोकरीतील ३० टक्के जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या. परंतु दारातून आत आलेल्या स्त्रीच्या कडेवर मूल असते, याचा विचार कचेरीच्या व्यवस्थेने केला नाही. कामाचे तास, बदल्या, फिरतीची कामे यांची घडण ज्याच्या घरी कोणीतरी मुले सांभाळीत आहे अशा पुरुषाला धरून झालेली आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. परीक्षेत बरोबरीने उतरलेली स्त्री वेळेच्या हिशेबात अशी पहिल्याच दिवशी मागे पडते.

मूल वाढवण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा मूळ अर्थशास्त्रीय प्रश्न आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी त्याचे उत्तर दिले होते. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून या भाराचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आजचे मूल उद्याचा कामगार, करदाता आणि नागरिक असते. त्याचा लाभ सर्व समाज घेणार असेल, तर त्याच्या संगोपनाचा भार एकट्या आईच्या पगारावर आणि बढतीवर टाकणे हा उघड अन्याय आहे.

केंद्र सरकारने २००८ साली प्रसूती रजा १८० दिवसांची केली आणि संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली १८० दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर केली. या रजा संघटित रेट्याविना टिकणार नाहीत. म्हणून त्यांचे मोल कमी लेखू नये. तथापि त्यांतील दोन उणिवा ध्यानात घ्याव्या लागतील.

पहिली उणीव अशी की, मूल पुन्हा आईच्याच खात्यावर मांडले गेले. केंद्रात बापाला ही रजा मिळते ती तो एकटा पालक असेल तर. महाराष्ट्रात पत्नी हयात नसेल वा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तर. एरवी केंद्रातील बापाच्या वाट्याला १५ दिवसांची पितृत्व रजा येते. मग महत्त्वाची जबाबदारी वाटताना वरिष्ठ म्हणतो, 'बाई आहेत, मुलासाठी रजा मागतील.' सवलतच बढतीच्या आड येते. स्वीडनने १९७४ सालीच मातृत्व रजेच्या जागी आईबाप दोघांसाठी पालक रजा आणली, ती हे ओळखून.

दुसरी उणीव अशी की, ही रजा हक्क म्हणून मागता येत नाही. मंजुरी साहेबाच्या मर्जीवर राहते. हिमाचल प्रदेशातील एका सरकारी महाविद्यालयाच्या प्राध्यापिकेला आजारी मुलासाठी ही रजा मिळेना. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, नोकरीतील स्त्रियांचा सहभाग ही मेहेरबानी नसून घटनेची अपेक्षा आहे.

शिवाय रजा केव्हातरी संपते. त्यानंतर मूल ठेवायचे कोठे? १९४८ च्या कारखाने कायद्याने मालकांवर पाळणाघराची सक्ती केली. ५० वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांसाठी ती २०१७ च्या दुरुस्तीने आली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम राहिली. मालकांना असे दंडक घालणाऱ्या सरकारने स्वतःच्या कचेऱ्यांत काय केले, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात जाऊन पाहावे. तहसील कचेरी, पोलीस ठाणे, एसटीचे आगार आणि ग्रामीण रुग्णालय येथे पाळणाघर आहे का, ते किती वाजेपर्यंत चालते आणि रात्रपाळीच्या परिचारिकेचे मूल तेथे राहू शकते का, याची नोंद करावी.

आणखी एक वर्ग आहे. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडी सेविका गावाची मुले सांभाळते. तिला मात्र पगाराऐवजी मानधन. तिचे पद शासकीय नव्हे, असे २००६ साली न्यायालयाने म्हटले. ग्रॅच्युइटीचा तिचा हक्क मान्य व्हायला २०२२ साल उजाडले. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांना प्रसूतीचा लाभ मिळाला तोही २००० सालच्या निकालाने. नोकऱ्या कंत्राटी होत गेल्या, तर नियमपुस्तकातील रजा वाचायला उरतील आणि घेणारी कोणी राहणार नाही.

खासगी मालक खर्चाचा बोजा पुढे करील. सरकारला ती सबब नाही. कारण समाजाच्या वतीने खर्च करण्यासाठीच ते आहे. म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. बालसंगोपन रजा हक्काची व्हावी आणि तिचा ठरावीक भाग बापानेच घेतला पाहिजे असा नियम असावा. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी कचेऱ्यांनी मिळून पूर्णवेळ पाळणाघर चालवावे. तेथे अधिकारी बाईंचे मूल आणि झाडूवाल्या बाईचे मूल एकाच पंगतीत जेवावे. ते चालवणाऱ्या स्त्रीला कायम नोकरी आणि वेतनश्रेणी मिळावी.

लोहियांनी सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेला पहिले स्थान दिले. कर्मचारी संघटनांच्या मागण्यांच्या यादीत महागाई भत्ता वर असतो आणि पाळणाघर, असलेच तर, शेवटच्या ओळीत. पुढच्या संपाच्या नोटिशीत ही ओळ वर कशी येईल, याची चर्चा या वर्गातून उठण्यापूर्वी झाली पाहिजे. आणि त्या चर्चेत पुरुष कार्यकर्त्यांनी आधी बोलावे, कारण मूल त्यांचेही आहे.