सैनिकाच्या पत्नीची हद्दपारी

ज्या सैनिकास राज्याने रणांगणावर धाडले, त्याच्या पत्नीस त्याच राज्याने देशाबाहेर घालवावे काय? हा प्रश्न अमेरिकेतील आहे. तो दूरचा असला तरी आपण समजून घ्यावा असा आहे. कारण हक्क आणि मेहेरबानी यांतील अंतर त्यात उघडे पडते.

सन २००७ च्या मे महिन्यात इराकमध्ये अमेरिकन सैन्यातील एक सैनिक शत्रूच्या हाती सापडून बेपत्ता झाला. त्याची पत्नी परवान्यावाचून अमेरिकेत आलेली होती. इराकमध्ये सेना त्याचा शोध घेत होती आणि अमेरिकेत तिच्यावर हद्दपारीची टांगती तलवार होती! वर्तमानपत्रांतून बोभाटा झाल्यावर गृहसुरक्षा खात्याचे मंत्री मायकेल चेर्टॉफ यांनी हस्तक्षेप केला व ती वाचली. पतीचे अवशेष २००८ च्या जुलैत सापडले.

कोणी विचारील की, नागरिकाशी विवाह झाल्यावर वास्तव्याचा परवाना मिळण्यास अडचण ती कोणती? मेख येथेच आहे. जी स्त्री व्हिसा घेऊन आली आणि मुदत संपल्यावरही राहिली, तिने नागरिकाशी विवाह केल्यास तिला सामान्यतः देशात राहूनच अर्ज करता येतो. परंतु जी तपासणीवाचून सीमा ओलांडून आली, तिला ती सोय नाही. तिने मायदेशी जावे व तेथील अमेरिकन वकिलातीत व्हिसा मागावा, असे कायदा सांगतो. आणि १९९६ च्या दुरुस्तीनंतर तोच कायदा असेही बजावतो की, जी एक वर्ष वा अधिक काळ बेकायदा राहून बाहेर गेली तिला दहा वर्षे प्रवेश नाही. म्हणजे कागद करण्यासाठी बाहेर जा, आणि बाहेर गेलीस म्हणून परत येऊ नकोस! या बंदीतून सूट मागता येते; पण नागरिक पतीचे पराकाष्ठेचे हाल होतील हे सिद्ध करावे लागते, आणि तरीही निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीचा.

यावर तोड म्हणून २०१३ च्या नोव्हेंबरात एक परिपत्रक निघाले. सैनिकांच्या व माजी सैनिकांच्या पती-पत्नींना, मुलांना आणि आईबापांना देश न सोडता जागच्या जागी ‘पॅरोल’ देता येईल, असे त्यात ठरले. तो मिळाला की पत्नीला देशातूनच अर्ज करण्याचा मार्ग मोकळा होतो. डिसेंबर २०१९ च्या एका कायद्यात संसदेने या सवलतीचे महत्त्व मान्यही केले. तथापि मान्य करणे निराळे आणि हक्क देणे निराळे. देणे न देणे अधिकाऱ्याच्याच हाती राहिले.

त्याचे फळ काय? ॲरिझोनातील एका स्त्रीसैनिकास २०१० साली अफगाणिस्तानात वीरमरण आले. तिच्या पतीस ही सवलत मिळालेली होती. तरीही एप्रिल २०१९ मध्ये त्यास पकडून मेक्सिकोत सोडण्यात आले; बारा वर्षांची मुलगी अमेरिकेतच राहिली. गवगवा झाला तेव्हा काही दिवसांत त्यास परत आणले. कुटुंबातील सैनिकी सेवा विचारात घ्यावी असे २०२२ चे धोरण होते. तेही एप्रिल २०२५ मध्ये रद्द झाले. त्यानंतरच्याच महिन्यात लुइझियानातील एका माजी सैनिकाच्या पत्नीस अटक झाली. तिचे बाळ अंगावर पिणारे होते. तिचा अपराध कोणता? ती लहानपणी आईबरोबर आली होती, आणि २०१८ मध्ये आई सुनावणीस हजर न राहिल्याने हद्दपारीचा हुकूम निघाला होता. एका सिनेटरच्या कचेरीने रदबदली केल्यावर जुलैत ती सुटली. ज्यांच्यासाठी मंत्री, सिनेटर वा वर्तमानपत्र धावले नाही, त्यांचे काय झाले असेल याचा विचार आपणच करावा.

कायदा सर्वांस सारखा असावा, मग शेतमजुराच्या पत्नीस जे नाही ते सैनिकाच्या पत्नीस का द्यावे, असा आक्षेप घेतला जातो. तो मी हलका मानीत नाही. मजुराचा संसार सैनिकाच्या संसाराहून कमी मोलाचा आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. परंतु पत्नीस घालविले तर मजूर काम सोडून, दुःखाने का होईना, तिच्यामागे जाऊ शकतो. सैनिक ठाणे सोडून गेला तर तो पळपुटा ठरतो व शिक्षेस पात्र होतो. ज्यास राज्याने हुकुमाने बांधून ठेवले आहे, त्याच्या लेकरांना सांभाळणारीस त्याच राज्याने सीमेपलीकडे लोटावे, यास समता म्हणता येणार नाही. कोणी गंभीर गुन्हा केला असेल तर तो प्रश्न वेगळा, त्याचा निवाडा न्यायालयात व्हावा.

यास्तव परिपत्रकावर विसंबणे पुरेसे नाही. परिपत्रक एका कचेरीने काढले तसे दुसरी कचेरी मागे घेते. अमेरिकेच्या १९५२ च्या मूळ कायद्यातच असे कलम घातले पाहिजे की, सेवेतील, निवृत्त अथवा मृत सैनिकाच्या पती-पत्नीचा प्रवेश रीतसर तपासणी होऊन झाला असे समजावे, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत हद्दपारीचा हुकूम बजावू नये.