नाव तेच, गाडी निराळी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



छोटी गाडी म्हणजे नेमकी केवढी? आपल्याकडे हा प्रश्न विचारला तर माणसं हाताने माप दाखवतात. घरासमोरच्या बोळात शिरेल, चार माणसं आणि आंब्याच्या दोन पेट्या मावतील, पेट्रोल बेताचं पिईल, एवढी. सरकारी दप्तरात हे हातवारे चालत नाहीत. जपानमध्ये छोटी गाडी म्हणजे लांबी ३ मीटर ४० सेंटिमीटरच्या आत, रुंदी १ मीटर ४८ सेंटिमीटरच्या आत आणि इंजिन ६६० सीसीच्या आत. भारतात लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोलचं इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेलचं १५०० सीसीपर्यंत. ब्राझीलने १९९० साली लांबी-रुंदीचं नावच काढलं नाही, फक्त १००० सीसीच्या आतल्या गाड्यांवरचा कर उतरवला. लगेच फियाटने आपल्या ऊनो गाडीत ९९४ सीसीचं इंजिन बसवलं आणि ती तिथे धो धो खपली. गाडीचा आकार आधी कर खात्यातला कारकून ठरवतो आणि मग इंजिनिअर कामाला लागतो, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. जपानी ऑल्टोची लांबी ३३९५ मिलिमीटर. आपल्याकडे शेपूट छाटून चार मीटरच्या आत बसवलेल्या कित्येक गाड्यांची लांबी ३९९५ मिलिमीटर. दोन्हीकडे हद्दीपासून बरोबर पाच मिलिमीटर आत! वृत्तात बसवण्यासाठी एखादी मात्रा कमी करावी, तसंच हे.

ऑल्टोचाच जन्म पाहा. १९७९ साली सुझुकी कंपनीने ती जपानात आणली तेव्हा कागदोपत्री ती प्रवासी गाडी नव्हतीच. मालवाहू गाडी म्हणून तिची नोंद केली होती, कारण मालवाहू गाडीला तिथला वस्तू-कर लागत नव्हता. माल ठेवायची जागा माणसांच्या जागेपेक्षा मोठी दाखवणं भाग होतं, म्हणून मागची सीट अगदी नावापुरती. किंमत चार लाख सत्तर हजार येन. त्या वेळी कंपनीचे प्रमुख ओसामू सुझुकी होते, ते २०२४ च्या डिसेंबरात वारले. त्यांनी गाडीच्या नावावर कोटी केली होती, ती मला फार आवडते. जपानी भाषेत ‘आरु तोकी’ म्हणजे ‘कधी कधी’, आणि ‘आरु तो’ म्हणजे ‘असलं की’. कधी कामावर जायला, कधी बाजाराला, कधी फिरायला. असली की सोय होते, ती आल्टो. मूळ शब्द इटालियन, पण लोकांच्या जिभेवर बसला तो या श्लेषामुळे. कर चुकवायला माल-गाडीचं सोंग घेतलेली ती गाडी पुढे आशिया खंडातल्या लाखो घरांची पहिली गाडी ठरली.

भारतात तिचंच भावंड १४ डिसेंबर १९८३ ला ‘मारुती ८००’ या नावाने आलं. इंजिन मात्र ७९६ सीसीचं. आपल्याला जपानी मर्यादेशी काय देणंघेणं? १९८६ मध्ये तिचा नवा, थोडा गोलसर अवतार आला. तोच सांगाडा १९८९ मध्ये कराचीजवळच्या कारखान्यातून ‘मेहरान’ नावाने बाहेर पडू लागला. मेहरान हे सिंधू नदीचं सिंधमधलं नाव. आमच्या कोकणातल्या मुसलमान घरांत हे सगळं नकाशा न उघडता कळतं, कारण एकाच घराची माणसं चिपळूणला, कराचीला, केपटाऊनला आणि इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नला असतात. माझ्या खालाजानचा मुलगा कराचीत असतो. वयाने मोठा, म्हणून मी त्याला भाईजान म्हणतो. मी त्याला एकदा फोनवर विचारलं, “तीच ती पत्र्याची डबी अजून का वापरतोस?” तो आमच्या कोकणी बोलीत हसत म्हणाला, “अरे, मेहरान म्हणजे बँकेत ठेवलेली रक्कम. पाहिजे त्या दिवशी मोडता येते.”

त्याचं खरं होतं. आपल्याकडे मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. मेहरान २०१९ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षं, जवळपास त्याच अंगाने निघत राहिली. शेवटपर्यंत तिच्यात एअरबॅग नव्हती. तरी लोक तिच्यासाठी रांग लावत आणि रांग टाळायची असेल तर दलालाला वरकड रक्कम देत. या वरकड रकमेला तिथे ‘ऑन मनी’ असं सरळ नाव आहे. परदेशी गाडीवर जबर आयात कर, देशात गाड्या जोडणाऱ्या कंपन्या मोजक्या आणि छोट्या गाडीत तर स्पर्धा जवळपास नाहीच. मग कंपनी कशाला बदल करील? पळवाट होती ती परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांची. त्यांनी भेट म्हणून पाठवलेली तीन वर्षांच्या आतली जुनी जपानी गाडी आणता येई. भाईजानच्या गल्लीत अशा बऱ्याच गाड्या आहेत. त्यांतली रस्ता सांगणारी बाई जपानीत बोलते, तिला कुणी थांबवू शकत नाही.

आता किमतीचं सांगतो, कारण घरच्या लग्नात सगळे जमले की पुरुषमंडळी याच विषयावर येतात. “तुमच्याकडे केवढ्याला पडते?” सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे छोट्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्के आणि वर उपकर, यावरून सरळ अठरा टक्क्यांवर आला. त्या वेळी ऑल्टो के-१० ची शोरूममधली किंमत पावणेचार लाखांच्या जरा आतच सुरू होत होती. कराचीत त्याच वर्षी ऑल्टो तीस लाख पाकिस्तानी रुपयांच्या आसपास होती, म्हणजे आपल्या पैशात नऊ लाखांच्या घरात. आणि ती ऑल्टो वेगळीच, जपानी मापाची, ६६० सीसीची. नाव एक, गाडी दुसरी, किंमत तिसरी.

पण शोरूममधली किंमत म्हणजे पत्रिकेतलं नाव. संसार पुढे असतो. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर अकरा टक्के मोटार वाहन कर, मग विमा, मग शोरूमवाल्याने आपण न मागता लावलेले गालिचे आणि चिखलपट्ट्या. जपानमध्ये मोठी गाडी घ्यायची तर ती ठेवायला जागा आहे असा पोलिसांचा दाखला आधी लागतो. छोट्या गाडीला बऱ्याच गावांत त्यातून सूट आहे. दर तीन नव्या गाड्यांमागे एक तरी तिथे छोटी असते, त्याचं हेही एक कारण. आणि ब्लॅकबर्नमधली माझी पुतणी सांगते की इंग्लंडमध्ये पोरांना पहिली गाडी घेताना गाडीच्या किमतीपेक्षा विम्याची धास्ती असते. तिथे गाड्यांचे विम्यासाठी एक ते पन्नास गट पाडले आहेत. अठरा वर्षांच्या पोराचा वर्षाचा हप्ता एखाद्या जुन्या गाडीच्या किमतीएवढा होऊ शकतो, म्हणून पोरं रंग बघायच्या आधी गट बघतात.

याच पुतणीमुळे मला एक गोष्ट कळली. २००९ च्या सुमारास तिच्या गल्लीत एक ऑल्टो आली. फोटो पाहून मी म्हटलं, ही तर आपली ए-स्टार! तीच होती. हरियाणातल्या मानेसरच्या कारखान्यात बनून ती युरोपात ऑल्टो नावाने जात होती, आणि निस्सानचा बिल्ला लावून पिक्सो नावानेही. कारखाना एक, कामगार तेच. पण इंग्लंडला जाणाऱ्या सगळ्यांत स्वस्त गाडीतही समोर एअरबॅग होत्या, आणि भारतात त्या हव्या असतील तर सगळ्यांत वरचं, महागडं मॉडेल घ्यावं लागे. एका ताटातल्या दोन भाकऱ्या, एकीला तूप आणि दुसरी कोरडी. मला हे वाचून राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

तो कोरडेपणा किती महाग पडू शकतो हे जानेवारी २०१४ मध्ये सगळ्यांना दिसलं. ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या, ऑल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो, एअरबॅग नसलेल्या साध्या मॉडेलमध्ये घेतल्या आणि ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवल्या. मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाचांनाही शून्य तारे मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्विफ्ट आणि डॅटसन गो यांनाही शून्यच. स्विफ्ट! त्याच नावाच्या, त्याच पिढीच्या गाडीला २०१० मध्ये युरोपच्या चाचणीत पाच तारे मिळाले होते. तिथल्या स्विफ्ट हंगेरीतल्या एस्टरगोम गावी बनत. बाहेरून पाहिलं तर जुळ्या बहिणी.

कंपन्यांचं म्हणणं होतं, आमच्या गाड्या भारतातल्या नियमांत बसतात. खरंच बसत होत्या. समोरून धडक देऊन पाहण्याची सक्तीच तेव्हा आपल्याकडे नव्हती, तर बसणार नाहीत कशा? ही सक्ती नव्या मॉडेलना २०१७ च्या ऑक्टोबरपासून आणि सगळ्यांना २०१९ च्या ऑक्टोबरपासून लागू झाली, तीही ताशी ५६ किलोमीटर वेगाने.

त्या चाचणीतला एक बारकावा लोकांच्या ध्यानात आला नाही. पाचही गाड्यांना शून्य तारे असले तरी पोलो आणि फिगोचा सांगाडा धडकेत टिकला होता. ऑल्टो, नॅनो आणि आय-टेनचा टिकला नाही. पोलो दोन एअरबॅग लावून पुन्हा आदळवली तेव्हा तिला चार तारे मिळाले. म्हणजे जिथे घर भक्कम आहे तिथे उशी कामाला येते. भिंतच अंगावर येत असेल तर उशी काय करणार? दुकानात मात्र आपल्याला उशा मोजून दाखवतात, भिंतीबद्दल कुणी बोलत नाही.

स्पर्धेने हे आपोआप सुधारतं असं म्हणणारे लोक मला भेटतात. थोडंफार सुधारतंही, टाटाच्या अल्ट्रोजला जानेवारी २०२० मध्ये पाच तारे मिळाले आणि तारे जाहिरातीत झळकू लागले. पण खरा धक्का कायद्याने बसतो. ब्राझीलमध्ये १ जानेवारी २०१४ पासून दोन एअरबॅग आणि एबीएस ब्रेक सक्तीचे झाले, आणि ज्या ऊनोने तिथे वीस-बावीस वर्षं राज्य केलं ती तिथल्या तिथे बंद झाली. तिच्यात हे बसवणं परवडत नव्हतं. आपल्याकडे जुलै २०१९ पासून ड्रायव्हरपुढे एक एअरबॅग सक्तीची झाली. फक्त ड्रायव्हरपुढे. शेजारी बसलेली आई, बायको, पोर यांचा विचार करायला डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२० मध्ये, एकाच एअरबॅगच्या भारतीय एस-प्रेसोला शून्य तारे मिळाले. पुढे दक्षिण आफ्रिकेसाठी भारतातच बनलेली एस-प्रेसो तपासली, तिच्यात दोन एअरबॅग आणि धडकेच्या क्षणी आवळणारे पट्टे होते. तिला तीन तारे. ही माहिती मला केपटाऊनहून माझ्या मामूंच्या नातवाने पाठवली. खाली लिहिलं होतं, “चाचा, तुमच्याच देशातून आली आहे.”

आज चित्र बदललं आहे, हे सांगायलाच हवं. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. ती ऐच्छिक आहे, पण आहे. सहा एअरबॅगची सक्ती सरकारने आणतो आणतो म्हणत २०२३ मध्ये सोडून दिली, तरी २०२५ मध्ये साध्या ऑल्टो के-१० मध्येही सहा एअरबॅग आल्या. नवी गाडी घेणारा आज पूर्वीपेक्षा बऱ्या स्थितीत आहे.

माझी काळजी जुनी गाडी घेणाऱ्याची आहे. २०१२ ते २०१९ मधल्या त्या सगळ्या कोरड्या गाड्या कुठे गेल्या? कुठेही गेल्या नाहीत. त्या आता दोन-अडीच लाखांना तालुक्याच्या गावी विकायला उभ्या आहेत आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडी घेणारी माणसं त्या घेतात. माझा पुतण्या सध्या तेच करतो आहे. त्याला मुंबई–गोवा महामार्गावरून आठवड्यातून दोनदा ये-जा करायची असते. तो मला फोटो पाठवतो आणि लिहितो, “काका, चकाचक आहे, एकहाती वापरलेली.”

मी त्याला सांगितलंय, रंग राहू दे, मॉडेलच्या नावामागची अक्षरं वाच. एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय ही अक्षरं म्हणजे श्रीमंतीच्या पायऱ्या आहेत, आणि त्या वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांत एअरबॅग शेवटच्या पायरीवरच होती. कधी कंसात ‘ओ’ असतो, म्हणजे कुणी तरी जास्तीचे पैसे मोजून ती घेतली होती. मग स्टिअरिंगच्या मधोमध आणि डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर ‘एसआरएस’ अशी उमटवलेली अक्षरं शोध. शेवटी चावी फिरव. एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. लागूनच राहिला तर बिघाड आहे. लागलाच नाही तर जास्त वाईट. अपघातात उघडलेली एअरबॅग पुन्हा न बसवता कुणी तरी त्या दिव्याचं तोंड बंद केलेलं असू शकतं.

परवा त्याने पाचव्या गाडीचा फोटो पाठवला. अक्षरं स्टिअरिंगवर आहेत, डाव्या बाजूला नाहीत. त्याची बायको डाव्या बाजूला बसते. मी त्याला सहावी बघायला सांगितलं आहे.